फाटकाचा नारिंगी रंग

४ नोव्हेंबर
रँचवरून

प्रिय ड्वेन,

तुम्ही सगळे मजेत असाल. इकडे मोंटानात डोंगरमाथे पांढरे झाले. वासरं विकून झाली. काळ्या गाईनं यंदाही नेमक्या विक्रीच्या दिवशीच कुंपण तोडलं. सफरचंदाचा केक केला की एक तुकडा उरतो. तुझाच तो.

तू रागावला आहेस. रागावण्यासारखंच झालं. दर ऑगस्टला तू दारात टोपी काढून म्हणतोस, "मालक, आपल्या रानात एल्क हरीण मारायची परवानगी मिळेल का?" आणि तुझा भाऊ हार्लन म्हणतो, "आधी कुंपण नीट करून दे, मग बघू." वर्षानुवर्षं तेच नाटक. सख्ख्या भावानं परवानगी कसली मागायची, असं मी एकदा म्हटलं, तर दोघंही माझ्यावरच उखडलात.

यंदा हार्लन म्हणाला, "कोण रे तू? चल, नीघ माझ्या रानातून." तू हसलास. तो हसला नाही. तुला वाटलं, वडिलांच्या वाटणीचं जुनं दुखणं वर आलं. मी शेगडीपाशीच होते, पण भांडं ढवळत राहिले.

गेल्या रविवारी तू परत आलास, तेही मी खिडकीतून पाहिलं. फाटकाच्या खांबांवर नारिंगी रंग दिसला आणि तू गाडी वळवलीस. आत पाऊल टाकू नका, हे बजावायलाच आपल्याकडे तो रंग लावतात. मग तू दुसरं काय समजणार?

पण तो रंग तुझ्यासाठी नव्हता रे. तो मी लावला. हार्लन येईल त्याला हो म्हणत सुटला होता. सकाळी एकाला, दुपारी दुसऱ्याला, आणि टेकडी तीच. हंगामाच्या पहिल्याच दिवशी शिकाऱ्यांच्या दोन टोळ्या एकाच कळपावर दोन बाजूंनी बंदुका रोखून उभ्या. कुणाला गोळी लागली नाही, हे नशीब. हार्लनला विचारलं, तर म्हणे, "मी कुणालाच परवानगी दिली नाही." तो खोटं बोलत नव्हता.

त्याला आठवत नाही, ड्वेन. डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगितलं होतं. मी कुणाला बोलले नाही. बोललं की ते खरं होईल, अशी भीती वाटायची. त्याच्या बंदुका मी शेजाऱ्यांकडे ठेवल्या आहेत. त्या दिवशी त्यानं तुला ओळखलंच नाही. आणि तरी रोज सकाळी खिडकीशी बसून विचारतो, "ड्वेन आला नाही अजून? विचारल्याशिवाय रानात शिरला तर बघतोच त्याला." मग दुपारपर्यंत वाट बघतो. मला ते बघवत नाही.

जमीन माझ्याही नावावर आहे. आजवर मी कुणाला परवानगी दिली नाही, तो तुम्हा भावांचा मामला. आज देते. फाटक उघड आणि ये. पण दारात टोपी काढून त्यालाच विचार. नाही म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार. कालचा नकार त्याच्या लक्षात नसेल. तूही ठेवू नकोस.

रंगाकडे न बघता ये,
तुझी वहिनी
व्हर्ना