शनिवारच्या लाँचचा अंदाज

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

कप्तानसाहेब,

'सप्रेम नमस्कार' लिहावं की नुसता नमस्कार, यावर बराच वेळ घालवला. नुसता घे. आपण वेगळे राहायला लागल्यापासून धक्क्यावर आपलं बोलणं लेकीच्या पिशवीपुरतं उरलंय, म्हणून हे पत्र.

इकडे सगळं ठीक. भिंगरीचा पुढचा दात पडलाय, त्यामुळे 'स' म्हणायला गेली की शिट्टी वाजते. तुला ऐकवायला मुद्दाम वाक्यं पाठ करतेय. केसांना हात लावू देत नाही. तुझ्यावरच गेलीय.

परवा वन्सं बाजारात भेटल्या. तू काय म्हणत फिरतोस ते त्यांनी तिखटमीठ न लावता सांगितलं, असं त्यांचं म्हणणं. "तिचा अंदाज समुद्राचा नसतो, मनाचा असतो. माझा शनिवार आला की नेमका लाल." मला राग आला. पण ऑफिसात गेल्यावर आम्ही दिलेले मागच्या सगळ्या शनिवारांचे अंदाज मी उघडून बसले.

तू निम्मा बरोबर आहेस. आमची अंदाजाची जुनी पद्धत नकाशावर समुद्राचे मोठमोठे चौकोन पाडायची. खोल समुद्रात ते चालून जातं. इथे मात्र किनाऱ्यापासून तुझ्या बेटापर्यंतचं सगळं उथळ पाणी एकाच चौकोनात बसायचं आणि तळ सगळीकडे सारखाच धरला जायचा. मधे वाळूचा एवढा लांब दांडा आहे, बाहेरची लाट त्याच्यावरच फुटते आणि मागे तुझी लाँच जाते ते पाणी निवांत असतं, हे तिच्या गावीही नव्हतं. म्हणून लाल, आणि लाल म्हणजे लाँच बंद.

आता चौकोन लहान केलेत, तळाची नवी मोजणी घातलीय आणि दांड्याजवळ एक तरंगतं यंत्र सोडलंय, ते तासातासाला लाटेची उंची कळवतं. हे काम कधीपासून चालू होतं, तुझ्यासाठी केलेलं नाही, उगाच हुरळून जाऊ नकोस.

आता उरलेला निम्मा. नवी पद्धत मागच्या दिवसांवर चालवून पाहिली, तर तुझे बरेच शनिवार हिरवे निघाले, पण हिरवा दिलेला एक रविवार लाल निघाला. छान ऊन होतं, पण भरतीचं पाणी एका दिशेला आणि वारा त्याच्या उलट, म्हणजे लाटा उभ्या राहणारच. त्या दिवशी भिंगरी ओलीचिंब, पांढरीफटक होऊन उतरली आणि मी तुला सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले. संध्याकाळी सहाच्या आत पोचवायचं ही अट माझीच होती, असं तुला म्हणता आलं असतं. तू म्हणाला नाहीस.

उद्याचं सांगते. सकाळसाठी जुनी पद्धत लाल म्हणतेय, नवी हिरवा. आमच्या साहेबांनी निर्णय माझ्यावर सोडला. नवीन पद्धतीचा पहिलाच दिवस, शनिवारी लाँचवर कोण असतं, असं त्यांनी विचारलं.

"माझी मुलगी असते," मी म्हटलं.

मी हिरवा दिला. तेव्हापासून दर तासाला त्या यंत्राचा आकडा उघडून बघतेय. अंदाजावर भरवसा आहे, तरीही भीती वाटते. ऑफिसात हे कुणाला सांगितलं नाही, तुलाच सांगतेय.

पत्र तिच्या पिशवीत ठेवतेय आणि पलीकडे उतरल्यावरच द्यायचं, असं बजावलंय. म्हणजे तू हे वाचतोयस, तर ती पोचलीय आणि माझा अंदाज बरोबर आलाय. माझं कौतुक मनातल्या मनात केलंस तरी चालेल. पण वाटेत पाणी कसं होतं ते खरंखरं कळव, विशेषतः दांड्याच्या टोकाशी. तिथलं आम्हाला अजून नीट जमत नाही.

राहिला रविवार. संध्याकाळी वारा फिरणार आहे. लाल आहे, जुन्या पद्धतीनंही आणि नव्यानंही. सहाची अट विसर. तिचे जास्तीचे कपडे आणि सोमवारचा गृहपाठ पिशवीच्या तळाशी आहे, शाळेत मी कळवते. ती नसली की मला घर खायला उठतं, पण ते माझं मी बघेन. पाणी निवळेपर्यंत ठेव तिला, घाई करू नकोस. तुझ्याजवळ आहे म्हटल्यावर मला काळजी नाही.

भिंगरीची आई