खिशातली गारगोटी

रविवार, १२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. पाय कसा आहे? काठी सुटली असं वहिनी म्हणाली, ऐकून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक. सहामाहीचे पेपर तपासून माझी मान अवघडलीये. तुझ्या भाचीने घरात मांजर आणलंय, त्यामुळे सोफा आता माझा राहिलेला नाही.

रोज फोन होतो, मग हे पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू ‘काय गं खारे, अजून पुढे पुढेच पळतेस का?’ म्हणालास की माझी गाडी हवापाण्यावर घसरते. आठ महिने घसरतेय.

परवा वहिनी रडली. म्हणाली, ‘हे आता छकुलीला बागेतसुद्धा नेत नाहीत. म्हणतात, पायाशी ठेवलेली खूण दिसली नाही मला, लेकीला कुठे घेऊन जाऊ?’ जीपची किल्लीही तू मेव्हण्याला देऊन टाकलीस म्हणे. आपली म्हातारी! तिच्या टपावर बसून आपण अर्धं जंगल पाहिलं. डोळ्यांचा डॉक्टर नजर उत्तम म्हणतो, म्हणून आता तू मेंदूच्या डॉक्टरकडे निघालायस. त्याआधी हे वाच.

अपघाताच्या दिवशीचं सकाळच्या चहानंतरचं तुला काहीच आठवत नाही. मला सगळं आठवतं. जीप पंक्चर झाली. तू म्हणालास, ‘मी टायर बदलून येतो, तू हो पुढे. उजेड आहे तोवर तंबू ठोक.’ वाटेला दोन फाटे फुटले तिथे मी आपल्या पद्धतीने तीन दगड रचले आणि जायच्या बाजूला चौथी, पांढरी गारगोटी ठेवली. मागच्याने ती उचलून खिशात टाकायची आणि मुक्कामाला पुढच्याच्या हातावर ठेवायची. लहानपणी तूच घालून दिलेला नियम.

गारगोटी मी उजवीकडे ठेवली होती, दादा. डावीकडे नाही.

उजवी वाट पुढे कड्यापाशी खचली होती. पाय टेकला तर माती सुटली. मी मागे फिरले, पण फाट्यापर्यंत पुन्हा चढायचा कंटाळा केला. झुडपांतून आडवी घुसून डावी वाट धरली. म्हटलं, दादा दिसला की हाक मारू. मग ओढ्यात पाय सोडून बसले. मस्त वाटत होतं. हेही सांगायलाच हवं.

तुझी हाक ऐकू आली ती दरीतून.

फोनला रेंज नव्हती. माणसं बोलवायला धावताना मी फाट्यावर थांबले. तिथे तीनच दगड होते. मी दुसरी गारगोटी शोधली आणि डावीकडे ठेवली. तू खाली विव्हळत होतास आणि तुझी बहीण स्वतःची कातडी वाचवत होती.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तू विचारलंस, ‘खूण कुठल्या बाजूला होती?’

‘डावीकडे. तू उचललीच नाहीस.’

‘रडू नकोस गं, माझंच लक्ष नसणार,’ असं म्हणून तू मलाच समजावलंस. मी समजूत काढून घेतली.

त्याच संध्याकाळी नर्सने तुझ्या कपड्यांची पिशवी माझ्याकडे दिली. पँटच्या खिशात गारगोटी होती. तेव्हापासून ती माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. बटण शोधताना दर वेळी हाताला लागते आणि मी झाकण लावून टाकते.

तुला खूण दिसली होती. तू ती उचललीस आणि मी दाखवलं तिकडे गेलास. तुझं काहीही चुकलं नव्हतं.

माफी मागायला मला तोंड नाही. राग काढ, वहिनीला सांग, माझ्याशी बोलू नकोस. पण किल्ली परत माग. आणि छकुलीचा हात धरून बागेत जा.

गारगोटी सोबत पाठवतेय. मुक्कामाला तू माझ्या हातावर ठेवणार होतास, तीच.

अजून म्हणू देणार असशील तर,
तुझी
खार