आमच्या पाण्यातले मासे

रविवार, संध्याकाळ

घरातल्या तीन फुटी काचेच्या टाकीसाठी एंजल मासे आणायला वालीवला गेलो होतो. सीमाला तेच आवडतात. दुकानदाराने आधी विचारलं, पाणी कुठलं? बोअरचं, म्हटलं. मग एंजल नको, तो म्हणाला, त्यांना मऊ, कमी क्षारांचं पाणी लागतं. आफ्रिकन सिक्लिड न्या, त्यांना जडच मानवतं. दोन्ही एकत्र ठेवले तर, मी विचारलं. नाही, आफ्रिकन मारतील एंजलना.

तसाच परत आलो. सीमा केस विंचरत होती. या पाण्याने केस गळतात, वसई सोडू या, हे तिचं जुनंच. दुकानातलं सगळं सांगितलं. कंगव्यातला गुंता काढत शांतपणे म्हणाली, "आण आफ्रिकन. घरात कुणाला तरी हे पाणी मानवू दे."

चिडली असती तर वाद तरी घातला असता. आता आफ्रिकन आणणं म्हणजे इथेच राहायचं ठरवणं. टाकी पाण्याने भरलेली आहे, माशांविना रिकामी. कंगवा बेसिनवर तसाच.