येतो म्हणालो

सोमवार, ४ तारीख

बेटावर पोचलो एकदाचा. बोट फार हलली नाही, पोटातलं पोटात राहिलं आणि एकही पिशवी हरवली नाही. ऊन कोवळं होतं, हवा स्वच्छ. धक्क्यावरूनच दोन्ही ज्वालामुखी दिसतात. धाकटा विझलेला आहे, त्याच्या तोंडात हिरवं तळं आहे म्हणे. थोरला मात्र धुमसतो. लांबून बघितलं तर कुणी म्हातारा पाठमोरा बसून विडी ओढतोय असं वाटतं.

ही वही सूनबाईने दिली. म्हणाली, बाबा, तुम्ही पुढे जाऊन सगळं बघणारच आहात, तर लिहूनही ठेवा, म्हणजे तिथे आल्यावर आम्हाला डोकं चालवायला नको. मंडळी शनिवारच्या बोटीने येणार. ज्वालामुखी बघायचे आणि उरलेला वेळ नुसतं लोळायचं, असा बेत आहे. दवाखान्यात रात्रपाळ्या करून करून सूनबाई पार वाळली आहे. घरात मला ‘काळजीखातं’ म्हणतात. चिरंजीव म्हणाला, खातं पुढे पाठवू, गादी कडक आहे का, नळाला पाणी आहे का, डोंगर फुटणार आहे का, सगळं तपासून ठेवील. हसोत बापडे. माझी शाळा चौथीत सुटली आणि हातात कात्री आली. माप घेतल्याशिवाय कापड कापायचं नाही, एवढंच मी शिकलो.

खोली तळमजल्यावर आहे, खिडकीतून धक्का दिसतो. लादी छान गार आहे. गादी जरा मऊ, चिरंजीवाची पाठ धरेल. मालकीणबाई उंच, हाडापेराने दणकट, बोलायला तुटक. चादर देऊन निघताना म्हणाल्या, जाते. मला कसंसंच झालं. हसून म्हटलं, बाई, असं अभद्र बोलू नये, येते म्हणावं, जातो तो मेलेला माणूस. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या उंबऱ्यावर थुंकलो. आणि दार ओढून घेतलं.

मंगळवार, ५ तारीख

सकाळी धाकट्या डोंगराची वाट बघून आलो. चढ सोपा आहे. नात चालेल. तिला आम्ही भुंगी म्हणतो, कारण ती सारखी गुणगुणत असते. वाटेत एका जागी कठडा मोडला आहे, तिथे तिचा हात धरायचा. खाली गरम पाण्याचं कुंड आहे. पायऱ्या बुळबुळीत आहेत, पण सूनबाईने त्यात पाय सोडून बसावं, कुणी उठवणार नाही.

माणसं मात्र चमत्कारिक. दुकानात पाव घेतला, दुकानदाराला घरच्यांविषयी सांगायला लागलो तर तो म्हणाला, सुटे आहेत का. समोरून चाललेल्या बाईला वाट विचारली तर तिने नुसती हनुवटी उडवली. आणि जो तो निघताना जातो म्हणतो. मुलगा आईला म्हणतो, शेजारीण शेजारणीला म्हणते. कुंडाजवळ एक म्हातारी काठी टेकत उठली आणि पाण्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, जाते रे. माझ्या अंगावर काटा आला. आमच्या आईने असं बोलणाऱ्याच्या तोंडात मीठ भरलं असतं. भुंगी बोलायला लागली तेव्हा मी तिला पहिलं हेच शिकवलं, की निघताना येते म्हणायचं.

असो. उद्या थोरल्यावर जीप ठरवली आहे.

बुधवार, ६ तारीख

जीपवाला अंगाने आडवा, मान जवळजवळ नाहीच. त्याच्या मापाची कॉलर कापणं अवघड. वाटभर मीच बोललो. रस्ता राखेचा आहे, खिडक्या लावून घ्याव्या लागतात. भुंगीला खोकला होतो, रुमाल ओला करून ठेवायचा. वर पोचायच्या आधी त्याने गाडी थांबवून बजावलं, तोंडापाशी गप्प उभं राहायचं, बघायचं, निघायचं. इथले लोक त्या विवराला तोंडच म्हणतात. मला वाटलं, आवाजाने दगड सुटत असतील.

पण काय ते दृश्य. कठड्यापलीकडे खोल खाली लाल चीर दिसते, धूर हलला की झाकते, पुन्हा उघडते. खालून ऊब येते, इस्त्रीवर तळहात धरावा तशी. मला आपल्या पोरांची आठवण झाली. त्यांनी हे बघायलाच हवं. निघताना मी देवळातून निघावं तसे हात जोडले आणि सवयीने म्हणालो, बरं, येतो. पोरांना घेऊन येतो.

जीपवाल्याने माझा दंड धरून मला मागे खेचलं. शर्टाची शिवण उसवली. तो पांढराफटक पडला होता. म्हणाला, म्हाताऱ्या, काय बोललास. मी म्हटलं, अरे, निरोप घेतला. त्यावर तो धुराकडे बघून दोनदा जातो, जातो म्हणाला. मग मला मागच्या बाकावर बसवलं आणि गाडी थेट खाली आणली. उतरलो तेव्हा मी बसलो होतो ती जागा त्याने बादलीभर पाणी टाकून धुतली.

एवढं काय झालं, मला कळत नाही.

संध्याकाळी: लादी कोमट आहे. उन्हाने असेल. पण ऊन या बाजूला येत नाही.

गुरुवार, ७ तारीख

लादी सगळीकडे गरम नाही. फक्त खाटेखाली. सकाळी खाट ओढून भिंतीकडे नेली, चहा पिऊन आलो, तर ऊब भिंतीकडे. जुनी जागा गार. दुकानात इस्त्रीची करायचो तशी बोट ओलं करून परीक्षा केली. चर्र झालं नाही, पण ओल लगेच वाळली.

मालकीणबाईंना बोलावलं. म्हटलं, खालून गरम पाण्याचा नळ गेलाय का. त्यांनी वाकून लादीवर हात ठेवला आणि लगेच काढला. म्हणाल्या, सामान उचला. मला मागच्या अंगणात, कपडे धुण्याच्या खोलीत हलवलं. तिथे जमीन मातीची आहे. माझी चादर त्यांनी हाताने नाही, काठीने उचलली.

बातमी गावभर झाली आहे. दुकानदाराने पाव फळीवर ठेवला आणि स्वतः मागे सरला. मी विचारलं, माझं काय चुकलं ते तरी सांगा. तो म्हणाला, आमच्या दारात उभे राहू नका. एका पोरीला तिच्या आईने माझी सावली लागेल म्हणून ओढून आत घेतलं. जीपवाला समोरून आला, मी हाक मारली, तो थुंकला.

आयुष्यात मी कुणाचा हातभर कपडा चोरला नाही. इथे मला चोरासारखं वागवतात.

मातीची जमीनही तापली आहे. ओट्यावरचा साबण वितळून खाली ओघळला.

शुक्रवार, ८ तारीख, सकाळी

शेवटी मालकीणबाई बोलल्या, तेही दारातूनच. म्हणाल्या, इथे येतो म्हणणं म्हणजे शब्द देणं. वर तोंडापाशी बोललेलं थोरल्याला ऐकू जातं. ज्याने येतो म्हटलं त्याची तो वाट बघतो. वाट बघून कंटाळला की स्वतःच घ्यायला येतो, आणि येताना आजूबाजूचं बघत नाही. मागच्या वेळी तुमच्यासारखाच एक हौशी होता. त्याच्यापायी वरची अख्खी आळी गेली, माझी बहीण त्याच आळीत होती. म्हणून आम्ही जातोच म्हणतो. आधीच म्हणून ठेवतो, म्हणजे कुणी वाट बघत नाही.

मी म्हटलं, बाई, मला ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, पहिल्याच दिवशी मला शिकवायला निघाला होतात.

आणि मी तर म्हणालो होतो, पोरांना घेऊन येतो.

दुपारी

फोन केला. मालकीणबाईंच्या टेबलावरून. चिरंजीवाला म्हटलं, येऊ नका. तो हसायला लागला. म्हणाला, आलंच का काळजीखात्याचं पत्र. मागे गॅस चालू राहिला म्हणून आम्हाला भरल्या गाडीतून उतरवलंत, तेव्हा गॅस बंदच होता. मी सगळं सांगितलं, जमिनीचं, साबणाचं. तो म्हणाला, बाबा, तुम्हाला ताप आहे का. आम्ही बंदराच्या गावी पोचलोसुद्धा, उद्या सकाळी बोटीत बसतो.

मग भुंगीने फोन ओढून घेतला. तिला मी नवा पिवळा फ्रॉक शिवून दिला आहे, तोच घालणार म्हणाली. मी म्हटलं, बाळा, ऐक, फोन ठेव, काही बोलू नकोस. ती म्हणाली, बरं आजोबा, येते हं.

पायाखालची जमीन गुरगुरली. मांजर पोटातून गुरगुरतं तशी. खूश होऊन.

मालकीणबाईंनी फोन हिसकून तार उपटली.

संध्याकाळी

धक्क्यावर गेलो. म्हटलं, मीच पलीकडे जातो, पोरांना तिथेच अडवतो. बोटवाल्याने वल्ह्याने अडवलं. म्हणाला, त्या हौशाला माझ्या बापाने बोटीत घेतलं होतं. बोटीखालचं पाणी उकळलं. मासे शिजून वर आले. बापाचे पाय अजून तसेच आहेत, बघायचेत? मी चिठ्ठी देतो म्हटलं, तर तीही घेईना. बाकीचे जमले. कुणी दगड उचलला. मी परत फिरलो.

जिथे उभा राहतो तिथे चपला चिकटतात.

मालकीणबाईंनी एक उपाय सांगितला. माझ्यावर दया म्हणून नव्हे, त्यांना घर वाचवायचं आहे. पोरं बेटावर पाय ठेवायच्या आत मी एकट्याने वर जायचं. तोंडापाशी उभं राहून स्पष्ट म्हणायचं, जातो. एवढंच. मग माझा शब्द सुटतो, आणि पोरीचा शब्द माझ्याच शब्दाला बांधलेला आहे, तोही सुटतो. दुसरा शब्द निघाला तर संपलं.

विचारलं, मग मी खाली येऊ शकतो ना. त्या म्हणाल्या, जातो म्हणून परत कोण येतं?

शनिवार, ९ तारीख

उजाडलं. ओट्यावर बसून लिहितोय – पाय बादलीतल्या पाण्यात. पाणी कढत आहे.

सराव करतोय. मोठ्याने. जातो. जातो. जीभ वळत नाही. सत्तर वर्षांची सवय – आईने मारून लावलेली – घाई झाली की दुसराच शब्द पुढे येतो. दोनदा आला. दोन्ही वेळा भिंत तडकली.

बाहेर जीप उभी आहे. सगळं गाव उभं आहे.

बोट दिसली. लांब आहे अजून. पुढच्या टोकावर पिवळं काहीतरी –

फ्रॉक. माझीच शिलाई.

सूनबाई, वही मालकीणबाईंकडे ठेवतोय, त्या धक्क्यावर तुझ्या हातात देतील. उतरू नका. त्याच बोटीने मागे फिरा. भुंगीला सांग, आजोबांनी चुकीचं शिकवलं – इथे तरी. डोंगराकडे बघून हात हलवू देऊ नकोस. तुझी विश्रांती राहिली गं. धाकट्याखालचं कुंड छान होतं.

हॉर्न वाजतोय. जमिनीवर पाय ठेववत नाही आता.

वर गेल्यावर एकदाच म्हणायचं आहे. एकच शब्द. चुकणार नाही. पाठ आहे.

दार ठोठावतायत – 

निघतो. सांभाळ सगळ्यांना. बरं सूनबाई, ये