टिकली नागपूरला गेली त्याची हकीकत

ताडकळस,
रविवार, १८ जानेवारी १९८७

प्रिय सूर्यभान भाऊजी यांस,
सत्यशीला वहिनीचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची खुशाली तुमच्या कार्डावरून कळली (तीन ओळींत जेवढी कळते तेवढी, पोस्टखातं कार्डाची मागची बाजूसुद्धा लिहायलाच देतं, हे कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं). आत्याबाईंचे गुडघे थंडीनं धरलेत, पण तोंड मोकळं आहे. मामंजींचं पोट मध्यंतरी बिघडलं होतं, आता भाकरीवर आलेत. तुमच्या दादांच्या हरभऱ्यावर घाटेअळी आहे आणि त्यामुळे त्यांच्या कपाळावर आठी आहे. माझ्या शाळेत दोन वर्गांना मिळून एक खोली आणि एक मी, हे तुम्ही गेलात तेव्हा होतं तसंच आहे. तुमच्या खानावळीतल्या वरणात डाळ सापडायला लागली का, तेवढं कळवा.

आता पत्राचं कारण. तुमचा रेडिओ बिघडला आहे. नुसता बिघडला असता तर मीही एक कार्ड टाकून मोकळी झाले असते. पण तो ज्या रीतीनं बिघडला ती रीत सांगितल्याशिवाय तुम्हाला काही उमजणार नाही, आणि अर्ध्या तासाचा धडा दोन तास शिकवायची माझी सवय तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही जाताना रेडिओ घरीच ठेवलात. मामंजींना काचेवरचे आकडे वाचता येत नाहीत म्हणून माझ्या पाकिटातली एक लाल टिकली (मला न विचारता) काचेवर परभणीच्या जागी चिकटवलीत. त्या आठवड्यात तुमचं आणि मामंजींचं बोलणं बंद होतं. परभणीत मिळत असलेली नोकरी सोडून पोरगा नागपूरला का चालला, एवढंच त्यांना विचारायचं होतं. त्यांनी ते ओरडून विचारलं, आणि तुम्ही म्हणालात, इथं काय ठेवलंय? भाऊजी, ते वाक्य तुम्ही एसटीत बसून बरोबर नेलंत असं तुम्हाला वाटत असेल, पण ते इथंच राहिलंय. मामंजी रोज त्याला ओलांडून आत-बाहेर करतात. तुमचं कार्ड आलं की मी मोठ्यानं वाचते, आणि नेमकं त्याच वेळी त्यांना बैलांना पाणी दाखवायचं असतं. बैलसुद्धा आता कंटाळलेत. मात्र बोलणं बंद असतानासुद्धा तुम्ही ती टिकली त्यांच्याचसाठी लावलीत, हे मी त्याच दिवशी पाहून मनात ठेवलं होतं.

तेव्हापासून आमच्या घरात कुणी स्टेशन शोधत नाही. काटा टिकलीखाली आणायचा, परभणी लागते. सात महिने सुरळीत चाललं. मग एके दिवशी सकाळी तुमचे दादा हरभऱ्याच्या अळीवर कोणतं औषध सांगतात ते ऐकायला बसले. काटा बरोबर टिकलीखाली आणला, आणि आतून संत्र्याचे भाव सुरू झाले. संत्र्यानंतर आंबिया बहाराची निगा, आणि मग निवेदकबाईंनी सांगितलं की हे आकाशवाणीचं नागपूर केंद्र आहे. तुमच्या दादांनी रेडिओ बंद करून पुन्हा लावला. पुन्हा नागपूर. शेजारचे मुंजाजी कापसाचे भाव ऐकायला रोज येतात, ते संत्र्याचे ऐकून गेले आणि पारावर जाऊन म्हणाले की कापूस बसला, रेडिओवर त्याचं नावसुद्धा घेत नाहीत.

पुढचे आठ-दहा दिवस आमच्याकडे जी दुरुस्ती चालली ती मी थोडक्यात सांगते (थोडक्यात जमणार नाही). आधी सेल काढून पत्र्यावर उन्हात ठेवले. सेल ताजे झाले आणि नागपूर जास्त खणखणीत लागायला लागलं. मग एरियलची तार लिंबाच्या आणखी वरच्या फांदीवर गेली, तिच्याबरोबर तुमचे दादाही गेले. मग आत्याबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या, त्यानं घरभर ठसका झाला आणि निवेदकबाई तेवढ्या शांतपणे बोलत राहिल्या. मग मुंजाजींनी सुचवलं की रेडिओचं तोंडच परभणीकडं करून ठेवा. तसं केलं, तर आवाज भिंतीत आणि पाठ आमच्याकडं. मुंजाजींना शेवटी अशी शंका आली की हल्ली सगळीकडं नामांतराचं चाललंय, त्यात सरकारनं परभणीचंही नाव बदललं असेल. त्यावर आत्याबाई चुलीपुढून म्हणाल्या, "इद्यापीठाचं नाव बदलायला सरकारला इतकी वर्सं लागायलीत, अन् परभणीचं नागपूर एका रातीत केलं व्हय?" मुंजाजी चहा न संपवता उठले. टिकलीच सरकली असेल, असं मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही. ती तुम्ही लावलेली, म्हणजे बरोबरच असणार. (तुमच्याविषयी या घरात अजून असा समज आहे.)

या सगळ्या धामधुमीत मामंजी एकटे स्वस्थ होते. दुरुस्तीचं नाव काढलं की म्हणायचे, "बोलतंय न्हवं मशीन? मग ऱ्हाऊ द्या की. नागपूरवाले काय वाईट बोलायलेत?" आणि सगळं संपून हवामान सुरू झालं की हातातलं काम टाकून, मान तिरपी करून ऐकायचे. तिथवर ठीक होतं, पण ऐकलेलं ते अंगावर घ्यायला लागले. नागपूरला थंडीची लाट आली म्हटल्यावर त्यांनी भर दुपारी बैलांच्या पाठीवर गोणपाटं बांधली. बैलांना घाम फुटला. एकदा विदर्भात तुरळक पाऊस सांगितला, तर खळ्यावरची तूर झाकली. त्यांचं पाहून मुंजाजींनी झाकली, मुंजाजींचं पाहून अर्ध्या गावानं झाकली. थेंबसुद्धा पडला नाही. तो पाऊस तिकडं पडायचा होता, आणि पडला असेल तर तुम्ही भिजला असाल, कारण छत्री इथं खुंटीला आहे.

आता चोर कसा सापडला ते सांगते. बाजाराच्या आदल्या दिवशी रेडिओ पुसताना टिकलीवर माझं बोट गेलं, तर ती डुगडुगली. तुम्ही लावलीत ती तिच्याच डिंकावर बसली होती. ही बसली होती भाताच्या शितावर. भाऊजी, आपल्या घरात भात कधी शिजतो हे तुम्हाला सांगायला नको. त्या महिन्यात तो एकाच ताटात वाढला होता, पोट बिघडलेल्या माणसाच्या. डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे मामंजींनी एके दिवशी एकटे बसून, बटण फिरवत फिरवत, आकडे वाचता येत नसताना, निव्वळ कानावर नागपूर शोधून काढलं होतं. किती वेळ लागला असेल कोण जाणे. आणि मग पुन्हा सापडावं म्हणून ताटातलं शीत घेऊन टिकली तिथं नेऊन लावली होती. मी शाळेत पोरांच्या चोऱ्या रोज पकडते, पण सासऱ्याची चोरी पकडायची आपल्याकडं पद्धत नाही. मी टिकली होती तिथंच दाबून बसवली, पदरानं डोळे पुसले आणि गप्प राहिले.

गप्प राहण्याचं फळ दुसऱ्या दिवशी मिळालं. तुमचे दादा रेडिओ धोतरात बांधून आठवडी बाजारात दिनकररावांकडं घेऊन गेले (तेच ते, घड्याळं, स्टोव्ह आणि रेडिओ एकाच पेचकसानं दुरुस्त करणारे). दिनकररावांनी रेडिओ उघडला, आत काहीच बिघडलेलं नव्हतं. पण गिऱ्हाईक धोतरात बांधून आणतं आणि बिघाड नाही म्हणून कसं सांगायचं? म्हणून त्यांनी काटा ओढणारी आतली दोरी जुनी झाली असं म्हणून नवी घातली, आणि ती उलटी गुंडाळली. आता बटण परभणीकडं फिरवलं की काटा नागपूरकडं पळतो. टिकलीखाली काटा आणला की नुसती खरखर. इतके दिवस रेडिओ चांगला होता आणि आम्ही तो बिघडला म्हणत होतो. आता तो खरोखर बिघडून, दुरुस्त होऊन घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे चहाला बसलो होतो. मामंजी उठले, रेडिओच्या देवळीपाशी गेले, काटा टिकलीखाली आणला. खरखर. बटण थोडं पुढं, थोडं मागं. खरखर. आणि मग भाऊजी, ते आमच्याकडं वळून, चोरी-बिरी सगळं विसरून म्हणाले, "नागपूर कुठं गेलं?"

तुमचे दादा म्हणाले, "आबा, परभणी कुठं गेली म्हणा." मामंजी बटणच फिरवत राहिले. तेव्हा तुमच्या दादांनी टिकलीकडं पाहिलं, मग मामंजींकडं, मग माझ्याकडं. मी बशीत पाहिलं. अळीनं निम्मा हरभरा खाल्ला होता आणि तुमच्या दादांच्या तोंडावर ते सगळं येऊन थांबलं होतं. आत्याबाईंनी विचारलं, "तुमाला काय करायचंय नागपूर?" मामंजी बटणावरचा हात न काढता म्हणाले, "परवा लय थंडी सांगितली व्हती तिकडं. कमी झाली का बघावं म्हणलं."

मग आत्याबाई, गुडघ्यांवर हात टेकत, म्हणाल्या, "घोंगडं न्हेलं न्हाई त्यानं. इथं काय ठेवलंय म्हणला व्हता. घोंगडं ठेवलंय की."

तुमचे दादा उठले. त्यांनी मामंजींचा हात हळूच बाजूला केला आणि काट्याकडं न पाहता, कान लावून, बटण फिरवत राहिले. मध्ये परभणी लागून गेली. अळीचंच काहीतरी सांगत होते. ते थांबले नाहीत. नागपूर लागलं तेव्हा हवामान चालू होतं, आणि थंडी ओसरायला लागली होती. मामंजी "हं" म्हणाले आणि बैलांकडं गेले. भाऊजी, मी तुमच्यावर रागावले नाही, पण त्या वेळी तुम्ही इथं नव्हता याचं मला फार वाईट वाटलं.

तर रेडिओ असा आहे. तुमचे दादा म्हणाले, मी उघडून बघतो. मामंजी म्हणाले, "तुझ्यानं व्हायचं न्हाई. ज्यानं टिकली लावली त्यालाच बोलवा." हे त्यांनी बैलाच्या शिंगाकडं बघत सांगितलं, पण बैलाला टिकली लावता येत नाही, तेव्हा निरोप तुम्हालाच आहे. सुटी काढा आणि या. मशीनचं काम आहे, दुसरं काही नाही.

तिथं तुमच्यापेक्षा थोर कुणी ओळखीचं नाही, तेव्हा आम्हा सगळ्यांचा जयभीम एकट्यानंच वाटून घ्या.

तुमची वहिनी,
सत्यशीला

ता. क. येताना माझ्यासाठी लाल टिकल्यांचं एक पाकीट आणा. तुमच्या घराण्यातली माणसं माझ्या पाकिटातून न विचारता टिकल्या घेतात.

ता. क. आत्याबाई म्हणतात घोंगडं पार्सलनं पाठवू का. मामंजी म्हणाले, पार्सल हरवतंय, त्यालाच न्यायला येऊ दे.

ता. क. एक राहिलंच. रेडिओ गेल्या बाजारीच सरळ झाला. दिनकररावांनी दोरी पुन्हा नीट गुंडाळून दिली. आता एक टिकली परभणीला आहे आणि एक नागपूरला, तुमचे दादा आणि मामंजी दोघंही सुखात आहेत. हे तुम्हाला कळवायचं नाही असं मामंजींनी मला बजावलं आहे, तेव्हा तुम्हाला यातलं काही माहीत नाही. पेचकस मात्र आठवणीनं आणा. घरात आलात की पाया पडायच्या आधी रेडिओ खाली घ्या आणि उघडून बसा. मामंजी आपणहून शेजारी येऊन बसतील. जरा वेळ लागू द्या.