टोकाचे टोपण

२ नोव्हेंबर १९८८
संकल्प. संगणक-जोडणीच्या प्राथमिक प्रमाणपत्र परीक्षेचा अभ्यास आजपासून. सीताबर्डीवरच्या वर्गात नाव घातले. एका विद्यार्थ्याने मला कोणाचा तरी पालक समजून बाहेरच्या बाकावर बसायला सांगितले. पांढऱ्या केसांवरून पालकत्व सिद्ध होत नाही, हे मी त्याला सोदाहरण पटवून दिले. तो "हो काका" म्हणाला आणि त्याने पुन्हा बाकच दाखवला.

शिकवणाऱ्या बाई प्रेमिला मेश्राम. महाविद्यालयात माझी विद्यार्थिनी होती. हेत्वाभासांच्या पेपरात मी तिला काठावर उत्तीर्ण करून सोडले होते. ती ते विसरली असावी. "सर, तुम्ही? आणि हा कोर्स?" मी म्हणालो, ज्याने जन्मभर तर्कशास्त्र शिकवले त्याला यंत्राचा तर्क अवघड जाण्याचे कारण नाही. ती हसली. विसरलेली नाही.

सायंकाळी पहिले प्रकरण उघडले. बेल वाजली. परिच्छेद पूर्ण करून उठलो. तोवर थांबली होती.

५ नोव्हेंबर
बेलविषयी नोंद करणे भाग आहे. न नोंदलेली गोष्ट मनात वाढते.

आमच्या प्रताप नगरच्या घरात स्वयंपाकघराच्या ओट्याखाली एक बटण आहे. ते दाबले की माझ्या अभ्यासाच्या खोलीच्या दारावरची बेल वाजते. घर बांधताना सुभद्रेने ती बसवून घेतली. पान वाढले की ती बटण दाबे; मी हातातला परिच्छेद पूर्ण करून जाई. व्यवस्था निर्दोष होती.

सुभद्रा गेल्या फाल्गुनात गेली. बेल अजून वाजते. कारणे संभवतात ती तीन: ओल, उंदीर, विजेचा कमीजास्त दाब. चौथे कारण विचारार्ह नाही.

स्वयंपाकाच्या अंजनाबाईला विचारले. "मले त काईच आयकू नाई आलं जी." तिचे कान तपासून घ्यायला हवेत.

अभ्यास: झाला नाही. उंदराचा पिंजरा आणला.

१० नोव्हेंबर
दिवाळीसाठी जया अमरावतीहून आली आहे. काल दिवे लावल्यावर आम्ही दोघे खोलीत बसलो असता बेल वाजली. "ऐकलीस?" मी विचारले. तिने दारावरच्या बेलकडे पाहिले, नंतर माझ्याकडे. मग म्हणाली, "काय, बाबा?"

आज फराळाच्या ताटावर तिने विषय काढला. घर भाड्याने द्यायचे, मी अमरावतीला तिच्याकडे राहायचे. मी प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण या क्रमाने तिचे म्हणणे खोडून काढले. "बाबा, मी तुमची विद्यार्थिनी नाही, मुलगी आहे. मला नापास करता यायचं नाही."

अखेर करार. मी परीक्षा उत्तीर्ण झालो, तर हे घर चालू. मग प्रेमिलाबाई मला दुपारचा वर्ग शिकवायला देतीलच, म्हणजे मी घरात एकटा बसून राहणार नाही. तसे त्या बोललेल्या नाहीत, पण ते गृहीत आहे. अनुत्तीर्ण झालो तर जानेवारीत अमरावती, आणि तेही विनावाद. "विनावाद" हा शब्द तिने दोनदा उच्चारला.

करार माझ्या बाजूने झुकलेला आहे. मुलीवर थोडा अन्याय झाला.

२० नोव्हेंबर
आजचा पाठ: तीन संगणक एका तारेवर ओळीने जोडणे. तारेच्या दोन्ही टोकांना एकेक लहान पितळी टोपण बसवतात. त्यास टर्मिनेटर म्हणतात. ते काही पाठवत नाही, काही घेत नाही. केवळ असते.

मी उभा राहिलो. म्हणालो, बाई, घट घडवायला कुंभार लागतो, चाक लागते. माती वाहून आणणारे गाढव तिथे असते, पण त्याला कोणी घटाचे कारण म्हणत नाही. न्यायशास्त्रात त्याला अन्यथासिद्ध म्हणतात. तुमचे टोपण हे गाढव आहे.

वर्गात हशा. प्रेमिलाबाई म्हणाल्या, "सर, टोक उघडं राहिलं की गेलेला संदेश तिथे आपटून मागे फिरतो. मग तारेत जुनाही फिरतो आणि नवाही. कोणाचंच कोणाला कळत नाही."

मी विचारले, मागे फिरलेला संदेश तारेत किती काळ टिकतो?

"क्षणभरसुद्धा नाही, सर."

हे त्या पुस्तकातून सांगतात. अनुभवातून नव्हे.

२८ नोव्हेंबर
परीक्षेत तारेचा माग काढण्याचा प्रश्न येतो असे कळले. सराव म्हणून बेलच्या तारेचा माग काढला. खोलीतून भिंतीने, माजघराच्या चौकटीवरून, ओट्याखाली. तिथे तार तुटलेली आहे. तुटलेली नव्हे, कापलेली. टोकावर चिंधी गुंडाळून नीट गाठ मारलेली. चिंधी सुभद्रेच्या आमसुली पातळाची. ते पातळ जुने होऊन फाटले, त्याला बरीच वर्षे लोटली. चिंधीवर काजळीचा थर आहे.

तार कापलेली आहे, म्हणून बेल वाजणे अशक्य. बेल वाजते, म्हणून तार कापलेली नाही. दोन्ही अनुमाने निर्दोष आहेत. पडून राहिलो.

१ डिसेंबर
शेजाऱ्यांकडून जयाला ट्रंक कॉल लावला. तार कोणी कापली?

"आईनं. माझ्यासमोर. मी बारावीला होते." लाइनवर खरखर होती. "म्हणाली, पलीकडून कोणी उठतच नाही, तर वाजवायची कशाला? मग ती दारात येऊन हाक मारायची, बाबा. तुम्ही बोट वर करायचात, एक परिच्छेद, असं."

नोंद: साक्षीदार त्यावेळी अल्पवयीन होती. त्या सर्व वर्षांत मी बेल दररोज ऐकलेली आहे आणि परिच्छेद पूर्ण करून दररोज गेलो आहे. ताट झाकलेले असे. हा माझ्या बाजूचा पुरावा.

९ डिसेंबर
उपपत्ती सापडली. चिंधी हे प्रमाणित टोपण नव्हे. म्हणजे टोक उघडेच आहे. सुभद्रेने तार कापण्यापूर्वी जितक्या वेळा बटण दाबले, ते सगळे आत अडकून मागेपुढे फिरत आहे. मला उशिरा पोहोचते, इतकेच. ओल नाही, उंदीर नाही. पिंजरा शेजारी देऊन टाकला.

पडताळणीसाठी चिंधी सोडली. अंजनाबाई ओरडली, "सर, ते काहून काढली जी? बाईनं बांधली व्हती. करंट लागन ना कोनाले!" मी तिला उपपत्ती समजावली. ती म्हणाली, "तुमी जेवून घ्या आधी." अप्रस्तुत उत्तर.

सायंकाळी बेल जास्त वाजली. फार जास्त. पुस्तकात खूण म्हणून चिंधी ठेवली आहे. खूण पहिल्या प्रकरणातच आहे. पण पाया पक्का झाला की इमारतीला वेळ लागत नाही.

१४ डिसेंबर
जयाचे पत्र: अभ्यास कसा चालला आहे? उत्तर पाठवले: अपेक्षेबाहेर.

खरे तर सायंकाळी वाचता येत नाही. वाजण्याची वाट पाहावी लागते. वाजून गेल्यावर पुन्हा वाजेल म्हणून थांबावे लागते. दुपारी झोप येते. संत्र्यांचा मोसम आहे, तोही वेळ घेतो. शिवाय जो विषय समजला आहे तो पाठ करणे हा बुद्धीचा अपमान.

१८ डिसेंबर
परीक्षा.

लेखी: "टर्मिनेटरचे कार्य थोडक्यात लिहा." थोडक्यात लिहिणे हा अपूर्णतेचा दोष होय. मी पूर्वपक्ष मांडला, खंडन केले, सिद्धान्त मांडला. पुरवणी मागितली. बाकीचे प्रश्न गौण असल्याने राहिले.

प्रात्यक्षिक: तीन संगणक जोडून पहिल्यावरून तिसऱ्यावर संदेश पाठवणे. तार जोडली. एका टोकाला टोपण लावले नाही, विचारपूर्वक. बटण दाबले. तिन्ही पडदे निश्चल. मुंबईहून आलेले परीक्षक घड्याळाकडे पाहू लागले.

"सर, टोपण," प्रेमिलाबाई हळूच म्हणाल्या.

"थांबा. येईल."

"काय येईल, सर?"

परीक्षकांनी वहीत काही लिहिले. मग प्रेमिलाबाईंनी स्वतः पुढे होऊन टोपण फिरवून बसवले. तिसऱ्या पडद्यावर अक्षरे उमटली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी खिडकीकडे पाहत होतो.

जिना उतरताना त्या सोबत आल्या. "सर, लावलं की शांत होतं. एवढंच काम आहे त्याचं." मी म्हणालो, मला शांत करायचे नव्हते. हे वाक्य परीक्षेच्या कक्षेबाहेरचे होते. बोलायला नको होते.

उत्तीर्ण होण्याची शक्यता: भरपूर. परीक्षक सुशिक्षित वाटले.

२७ डिसेंबर
अनुत्तीर्ण. काठावरही नाही.

फेरतपासणीसाठी पाच मुद्द्यांचा अर्ज तयार केला. जयाला ट्रंक कॉलवर मुद्दे वाचून दाखवू लागलो. दुसऱ्या मुद्द्यावर ती म्हणाली, "बाबा." बस, इतकेच. मी अर्ज खिशात ठेवला.

४ जानेवारी १९८९
सामान बांधून झाले. पुस्तके पेट्यांत गेली. खोली रिकामी, खोकले तरी घुमते. जया उद्या सकाळच्या गाडीने न्यायला येते आहे.

अंजनाबाई शेवटचा स्वयंपाक करून गेली. जाताना म्हणाली, "पिठलं गरम हाये तवर खाऊन घ्या जी. आता कोनी बलावाले नाई येनार तुमाले."

दुपारी पुस्तकातली चिंधी काढून ओट्याखालच्या तारेला परत बांधली. भाडेकरूच्या घरात लहान मुले असण्याचा संभव आहे, केवळ सुरक्षितता. गाठ मला नीट जमत नव्हती. पुन्हा सोडून पुन्हा बांधली.

सायंकाळपासून खोलीत बसून आहे. बेल वाजलेली नाही. एकदाही नाही. यावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की

पिठले गार होत असेल. परिच्छेद अपुरा आहे.

उठतो.