सात मिनिटांचा शेरा

१६ जानेवारी १९८६, गुरुवार

सराव शाळेत तीन पाठ पाहिले. पाहिले म्हणजे आपले नेहमीसारखे. पस्तीस मिनिटांची तासिका, आमच्या बी.एड.चे तिघं तीन वर्गांत शिकवताहेत, आणि निरीक्षक मी एकटा. सात अ, सात ब, आठ अ. प्रत्येक वर्गात मागच्या बाकावर सात-आठ मिनिटं बसायचं, वहीत शेरा, गुण, सही, की पुढचा वर्ग. ‘संपूर्ण तासिका पाठाचे निरीक्षण केले’ ही ओळ छापलेलीच असते. सही तिच्याखाली. अठरा वर्षं झाली.

सात अ : वंदना मेश्राम, पारशिवनीची. अपूर्णांक. प्रश्न टाकला, दोन तृतीयांश मोठं की तीन चतुर्थांश? आणि खडू धरून उभी. वर्ग ढिम्म. ही पण ढिम्म. अगं बाई, पुढच्या बाकावरच्या हुशार पोरीला उठव, फळ्यावर लसावि काढ, काहीतरी कर! काही नाही. शेरा : ‘प्रश्नानंतर वर्ग थंड. विषयावर पकड नाही.’ दहापैकी चार. निघालो.

टेबलावर टेपरेकॉर्डर चालू होता. प्राचार्यांचं नवं खूळ, दर वेळी एक पाठ टेप करायचा. यंत्र कॉलेजात एकच, म्हणून एकच.

१८ जाने., शनि.

वंदना स्टाफरूममध्ये आली. दारातच उभी. “सर, तुम्ही गेल्यावर उत्तर आलं. टेप ऐकून पाहता का?”

म्हटलं, शेऱ्यावर अपील नसतं. गेली नाही. आधीचे पाठही जेमतेमच आहेत तिचे. हा चार धरला तर सराव पाठांत नापास, म्हणजे वर्ष गेलं. गावाजवळच्या शाळेनं जूनपर्यंत जागा धरून ठेवली आहे, पुढे थांबणार नाहीत म्हणाली. टेप माझ्या टेबलावर ठेवून गेली.

ठोंबरे (विज्ञानाचे, शेजारचं टेबल) म्हणाले, “आजकाल पोट्ट्यांना रागवायची सोय नाही राहिली राजा.” मी हसलो. टेप ड्रॉवरमध्ये.

२७ जाने., सोम.

पाच दिवस कॉम्प्युटरचं शिबिर, इंजिनिअरिंग कॉलेजात. प्राचार्यांनी मलाच धाडलं. “माहितीचं युग येऊन राहिलं आहे सर, शिक्षकांना घडवणारेच मागे पडले तर कसं?” वय चोपन्न. आता घडून काय उजेड पाडणार आहे!

दाराशी चपला काढायला लावल्या, देवळात काढतात तशा. आत एसी. बाहेर नागपूरची थंडी, आत त्याहून जास्त. स्वेटर घालून बसलेले आम्ही अकरा मास्तर आणि चार टीव्ही. शिकवणारा मुलगा पंचविशीचा, बोलणं फार भराभर. पहिल्या दिवसाचं एवढंच कळलं की यंत्राला हात लावला तरी बिघडत नाही.

२८ जाने.

काही नाही. पाठ धरली.

२९ जाने., बुध.

आज भयंकर राग आला. लिहून काढतो म्हणजे जाईल.

यंत्र पडद्यावर गणितं विचारतं. ७ गुणिले ८? खाली एक चौकोन लुकलुकत राहतो. उत्तर दाबायचं. मला उत्तर काय ते सांगायला हवं का? पण छप्पनातला पाच त्या बटणांत सापडेना. चष्मा वर केला, खाली केला. यंत्र गप्प. घाई नाही, काही नाही. सापडला एकदाचा, बोट नेलं, तेवढ्यात त्या पोरानं मागून हात घालून स्वतःच दाबलं. ५, ६. “सर, असं.” आणि पुढच्या मास्तरांकडे गेला.

मला येत होतं! अक्षरशः ओरडलो. “मले येत होतं ना गा!” आमच्या नरखेडची भाषा आली तोंडात, ती रागातच येते. सगळे पाहायला लागले. पोरगा बिचारा सॉरी सॉरी करत राहिला. त्याच्या मते त्यानं मदतच केली होती.

दुपारभर हात पोटाशी धरून बसलो. पुढचं गणित आलं तर उत्तर द्यायचीच इच्छा नाही. दे तूच, म्हटलं मनात. चोपन्न वर्षांचा माणूस आणि रुसलो.

३० जाने., गुरु.

काल झोपताना त्या चौकोनाचंच डोक्यात. आणि ती मुलगी, खडू धरून उभी.

शिबिरातून परत येताना कॉलेजात गेलो. ड्रॉवर उघडला. टेप घरी आणली, ऐकायला शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर मागितला.

उलटी बाजू आधी लागली. त्यावर मी! डिसेंबरचा माझा आदर्श पाठ. दरवर्षी नव्या मुलांना दाखवतो तो, टाळ्या पडतात तो. “तर मुलांनो, छेद वेगळे असले तर काय करायचं? लसावि काढायचा!” एका दमात. प्रश्नही मीच, उत्तरही मीच. घड्याळ घेऊन बसलो. सबंध पाठात प्रश्नानंतर मी मोजून दोनदा थांबलो आहे, त्यात एकदा खोकला आला म्हणून.

सौ. आतून आल्या. “काहून हो, कोन ओरडून राहिलं इतकं?”
“मी.”
“ते तर मले माहीत हाय. टेपमधी कोन?”

बाजू बदलली. वंदनाचा आवाज, प्रश्न. मग शांतता. बाक कुरकुरतात, कुणी नाक ओढतं. मग चपला. माझ्या. ओळखल्या मी. दार लागलं. त्यानंतर मोजले, बारा सेकंद. बारा. आणि एक बारीक आवाज :

“बाई, दोन्हीत एक-एकच तुकडा कमी हाय. पन चारवाला तुकडा लहान असते. मंग ज्याच्यात लहान तुकडा कमी, ते मोठं.”

वंदना म्हणते, “कसं गं? पुन्हा सांग, सगळ्यांना.” आणि मग वर्ग नुसता उसळतो. पाच षष्ठांश की सहा सप्तमांश, मुलंच एकमेकांना विचारताहेत. घंटा होते तरी थांबत नाहीत.

लसावि नाही. काही नाही. तीस वर्षं अपूर्णांक शिकवतोय, हे मला सुचलं नव्हतं. कुणी मला कधी सांगितलं नाही, कारण मी कुणाला सांगू दिलं नाही.

फार लाज वाटली. सौ.ला सांगितलं सगळं. त्या म्हणाल्या, “मंग बदला ना मार्क.” इतकं सोपं.

३ फेब्रु., सोम.

प्राचार्यांना तोंडी सांगितलं. गुण बदलायचेत. म्हणाले, तक्ता माझ्याकडे जमा झाला आहे. एकीचे बदलले तर उद्या चाळीस जण दारात. कारण लेखी द्या. आता कारण काय लिहू? टेप ऐकली म्हणून, तर ते म्हणतील की पाठ तुम्ही पाहिलाच होता ना, खाली सही आहे.

सही आहे.

४ फेब्रु.

तीन मसुदे. ‘पुनर्विचारांती’ लिहिलं, खोडलं. ‘अनवधानाने’ लिहिलं, खोडलं. कसलं अनवधान! मजेत उठून गेलो होतो.

५ फेब्रु., बुध.

दिलं लेखी. “सदर पाठास मी केवळ सात मिनिटे उपस्थित होतो. संपूर्ण तासिकेबाबतची माझी सही वस्तुस्थितीस धरून नाही.”

प्राचार्यांनी दोनदा वाचलं. चष्मा पुसला. “सर, हा कागद सराव पाठांच्या समितीपुढे न्यावा लागेल मला. विचार केलाय का?” म्हटलं, केलाय. खरं तर भीतीच वाटत होती. रिटायरमेंटला चार वर्षं.

दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं. ठोंबरे उसळले. “तुम्ही सात मिनिटं लिहिली, म्हणजे उद्या आमच्या सह्या तपासणार! एका पोरीपायी सगळ्यांना उघडं पाडून राहिले तुम्ही. आणि तासिकेला तीन वर्ग कोण पाहील पुरे? मला तीन तोंडं आहेत का?”

शेवटचं खरं आहे. सोळा वर्षं सोबत डबा खाल्ला, आज त्यांनी टेबल फिरवून घेतलं.

७ फेब्रु.

ठोंबरे बोलत नाहीत. डबा एकट्यानं. वांग्याची भाजी तशीच परत.

१० फेब्रु., सोम.

आज ठरवून एकाच वर्गात पूर्ण तासिका बसलो. आठ अ, एक मुलगा, भूमिती. दहा मिनिटं झाली तरी मी उठेना म्हणून त्याला घाम फुटला. कोन मोजताना कोनमापक दोनदा उलटा धरला. तास संपल्यावर धावत आला, “सर, फारच चुकलं का काही?” म्हटलं नाही रे बाबा, चांगलं होतं. त्याचा विश्वास बसला नाही.

पण बाकीच्या दोन वह्यांत मी लिहिलं ‘पाठ पाहिलेला नाही’. त्या वर्गांवर शिकवणाऱ्या दोघी तासानंतर आल्या. मग आमचे गुण? आम्ही रात्र जागून टाचण काढलं, तक्ते रंगवले. आमचा काय गुन्हा? एकीला रडू आलं. खरं लिहिलं तरी कुणाचं तरी नुकसान. तासिका वाढवा नाहीतर पाठ कमी करा, असं समितीला लिहायचं ठरवलं. कच्चं टिपण केलं. शिवाय टेपरेकॉर्डर आणखी दोन मागायचे.

१४ फेब्रु., शुक्र.

समिती सोमवारी. काय होईल सांगता येत नाही. प्राचार्य म्हणाले, तिचे गुण वाढतीलही, तुमच्यावर ठपकाही येईल, दोन्ही एकदम.

संध्याकाळी वंदना घरी आली, धरमपेठेत पत्ता विचारत विचारत. सौ.नी पोहे दिले. मला वाटलं आभार मानायला आली असेल. खोटं का लिहू, मी तयारीतच होतो. ‘अगं, त्यात काय’ असं म्हणायच्या.

पोहे तसेच ठेवून बसली. मग म्हणाली, “सर, माझं पत्र दिलं तुम्ही. उषाचं?”

कोण उषा?

“माह्यासंगं राहते होस्टेलात. त्याच दिवशी, त्याच तासाले सात ब मध्ये होती. तिले बी चारच भेटले. तिच्या वर्गात टेप नव्हता ना सर. ती सामान बांधून राहिली. गावी चालली म्हणते.”

वंदनानं पिशवीतून उषाची शेऱ्यांची वही काढली. सात ब, १६ जानेवारी. माझंच अक्षर. ‘वर्ग थंड.’ खाली सही. विषयाचं नावही लिहिलेलं नाही. उषाचा चेहरा आठवून पाहिला, आठवेना. वंदनाला विचारलं, काय शिकवलं होतं तिनं? “मले नाही माहीत सर. मी माह्या वर्गात होती.”

तिला म्हटलं, उषाला आज जाऊ देऊ नकोस, सोमवारपर्यंत थांबव. हो म्हणाली. पोहे खाल्ले मग, सौ.नी बळेच खाऊ घातले. गल्लीच्या टोकापर्यंत सोडून आलो.

दुसरं पत्र लिहायला बसलो आहे. पहिल्यात पुरावा होता. यात काय लिहू? उषाच्या वर्गात मी गेल्यावर काय झालं ते तिला माहीत आणि त्या पोरांना. कदाचित खरंच काही झालं नसेल. कदाचित सगळा वर्ग उसळला असेल. महिना झाला, पोरांना आठवेल का? आणि मला बघून घाबरून ‘छान शिकवलं सर’ असंच म्हणतील.

सौ. म्हणतात, विचारून तर पाहा.

उद्या शनिवार, सकाळची शाळा. साडेसातला सात ब मध्ये जातो.